जळमटांचा कोपरा

मालव्यात थंडी संपली हे मला कॅलेंडरवरून कळत नाही, विणायच्या सुयांवरून कळतं. जानेवारीत ज्या सुयांवरून टाके आपोआप सरकतात, त्याच सुयांना फेब्रुवारी सरता सरता लोकर चिकटायला लागते. तळहाताला घाम येतो, मांडीवरचं अर्धं विणकाम नकोसं होतं. मग समजायचं, आता लोकरीची पिशवी कपाटात आणि खुरपं बाहेर. लग्न होऊन मी इंदूरला आले तेव्हापासून माझं वर्ष असंच वाटलेलं आहे. दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत लोकर, शिवरात्रीपासून पाऊस येईपर्यंत माती.

माझं माहेर सोलापूरचं. तिथे स्वेटर म्हणजे ट्रंकेच्या तळाशी कडुनिंबाच्या पाल्यात ठेवायची वस्तू, कुणी उत्तरेकडे यात्रेला निघालं की बाहेर काढायची. विणकाम मला सासूबाईंनी शिकवलं. पहिल्या हिवाळ्यात मी दोन शाली गुंडाळून स्वयंपाक करत होते, ते बघून त्यांनी माझ्या हातात सुया दिल्या. सुलट, उलट, सुलट, उलट. तेव्हा त्या एक गोष्ट सांगायच्या ती अजून लक्षात आहे. "टाका फार आवळू नकोस गं. घट्ट विणलेल्यात ऊब राहत नाही, हवा राहायला जागा लागते." बी.ए.ला तर्कशास्त्र शिकले, पण इतकं सरळ वाक्य तिथे भेटलं नाही.

आमचं घर सांवेर रोडच्या आतल्या बाजूला आहे. हा रस्ता इंदूरहून सांवेरकडे आणि पुढे उज्जैनला जातो. औषधांचे, नमकीनचे, पत्र्याचे, प्लॅस्टिकचे कारखाने दोन्ही अंगांना. दिवसरात्र ट्रक. पाहुणे म्हणतात, "इथे कसली बाग आणि कसले पक्षी?" त्यांना मी मागच्या दारी घेऊन जाते. फार मोठी जागा नाही, वीस फूट बाय तीस फूट. भिंतीशी कडुनिंब, एक शहतूत, तीन जास्वंदी, मोगऱ्याच्या कुंड्या, कोपऱ्यात पारिजातक. माती मालव्याची, काळी. पावसात पायाला किलोभर चिकटते आणि एप्रिलमध्ये अशा भेगा पडतात की हातातली सुई पडली तर सापडायची नाही.

वसंतातली माझी कामं ठरलेली. मोगरा जानेवारीअखेर छाटून, खत घालून ठेवलेला असतो, त्याला आता पाणी वाढवायचं, म्हणजे चैत्रात कळ्या धरतात. थंडीतला झेंडू वाळतो, त्याचं बी पुडीत बांधायचं. काकडी, दोडका, कारलं, दुधी यांच्या बिया मातीत जातात. बटाटा, गाजर, मुळा, कांदा आमच्या वाफ्यात कधीच नव्हते. जमिनीखालचं आम्ही खात नाही, त्यामुळे खोल खणायचंही काम नाही. औषध फवारत नाही. दोडक्याच्या पानांवर नागमोडी रेघा उमटतात, भेंडीला मावा लागतो, लागू दे. सगळं पीक आपल्याच ताटात यायला हवं असं कुठे आहे?

आणि ज्या बागेत किडे आहेत तिथे पक्षी येतातच. दयाळ पहाटे कडुनिंबाच्या शेंड्यावरून शीळ घालतो. लाल बुडाचे बुलबुल शहतूताच्या काळ्या फळांसाठी भांडतात. शिंपी नावाचा एवढासा पक्षी शेपटी उभी करून जास्वंदीत फिरतो, आवाज मात्र त्याच्या आकाराच्या दसपट. त्याचं घरटं मी एकदाच नीट पाहिलं आहे. पानाच्या दोन कडा जवळ आणून चोचीने भोकं पाडायची आणि त्यांतून कापसाचा, सालीचा किंवा कोळ्याच्या जाळ्याचा धागा ओवायचा. प्रत्येक टाका सुटा असतो. भोकातून ओढलेला धागा बाहेर पिंजून फुगतो आणि मागे सरकत नाही, गाठीचं काम तोच करतो. आपण शिवण शिकायला क्लास लावतो.

सुगरणीची तर गंमतच आहे. मराठीत तिला बाईचं नाव दिलं. चांगला स्वयंपाक करणारी तीही सुगरण आणि चांगला खोपा विणणारी तीही सुगरण. प्रत्यक्षात तो झुलता खोपा विणतो नर. मादी येते, आत डोकावून बघते, पसंत पडलं तर राहते आणि मग आतली गादी घालते. ही माहिती मी एकदा आमच्या भिशीत सांगितली तेव्हा फारच आनंदाने स्वीकारली गेली.

माझ्या अंगणात मात्र विणणारी खरी आहे ती शिंजीर. जांभळा शिंजीर. हिंदीत त्याला शकरखोरा म्हणतात. नर या दिवसांत काळा-जांभळा झळकतो, उन्हात निळा दिसतो. मादी वरून मातकट, पोटाशी पिवळसर. चोच बाकदार, फुलातला मध प्यायची. नर फांदीवर बसून गातो आणि घर बांधते ती मादी, बहुधा एकटीच. गवताच्या काड्या, साली, वाळक्या पानांचे तुकडे, असा सगळा कचरा गोळा करते आणि तो बांधते कोळ्याच्या जाळ्याने. फांदीला लोंबणारी एक ओबडधोबड पिशवी तयार होते. बाजूला दार, दारावर छोटासा छज्जा, आत कापसाची मऊ गादी. लांबून बघणाऱ्याला वाटतं, वाऱ्याने कचरा अडकला आहे. तेच तिला हवं असतं.

आता मैत्रिणींनो, इथे माझ्यासारख्या बाईची पंचाईत होते. कोळ्याच्या जाळ्याला आपल्या भाषेत शब्द काय? जळमट. आणि जळमट दिसलं की आपला हात आपसूक केरसुणीकडे जातो. घरात जळमट असणं म्हणजे घरातल्या बाईची आब्रू. त्यातून आमचं इंदूर. २०१७ मध्ये देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून पहिला नंबर आला आणि पुढे वर्षानुवर्षं येत राहिला. सकाळी कचरागाडी गाणं वाजवत येते, ओला वेगळा, सुका वेगळा. मला याचा अभिमान आहे, सोलापूरच्या भावंडांना फोनवर ऐकवतेसुद्धा. पण पक्ष्यांच्या बाजूने पाहिलं तर काडी, पान, साल, जाळं, म्हाताऱ्यांचा कापूस हा कचरा नाही, बांधकामाचा माल आहे. अंगण आरशासारखं लख्ख झालं की त्यांची बाजारपेठ उठली.

काही जणी प्रेमाने लोकरीचे उरलेले तुकडे झाडावर टांगतात, पक्ष्यांना घरट्याला होतील म्हणून. मला बऱ्याच जणी विचारतात, "तुमच्याकडे तर किती उरत असेल!" मी एक धागासुद्धा बाहेर ठेवत नाही. लांब धागा पिल्लाच्या पायात, पंखात अडकतो. पाय वाढतो, धागा वाढत नाही. आजची बहुतेक स्वस्त लोकर ही खरं तर अॅक्रिलिक, ती कुजत नाही, तुटत नाही. संक्रांतीच्या मांजाने काय होतं ते आपण दरवर्षी बघतो, तेच लहान प्रमाणात. द्यायचंच असेल तर सावरीचा कापूस द्यावा, नारळाची बोटभर शेंडी सुटी करून ठेवावी. नाहीतर काही न देता जे आहे ते झाडू नये.

हे सगळं बोलायला सोपं. गेल्या चैत्रात त्याची परीक्षा झाली.

लेकीचं लग्न अक्षय तृतीयेचं ठरलं होतं. सासर दिल्लीचं. तिथली थंडी ऐकून मी हिवाळाभर एकच काम केलं होतं. तिच्या लहानपणचे सहा स्वेटर उसवले आणि त्याच लोकरीची एक मोठी शाल विणायला घेतली. उसवलेली लोकर शेवयांसारखी नागमोडी होते. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात बुडवून खाली तांब्याचं वजन लटकवून सावलीत वाळवायची, की बहुतेक सरळ होते. बहुतेक म्हणते आहे. जुन्या वळणाची थोडी लहर राहतेच. बालवाडीचा पिवळा, चौथीतला मरून, कॉलेजात तिने एकदाही न घातलेला राखाडी, असे पट्टे. या लड्या मी नेहमी मागच्या पडवीतल्या तारेवर वाळत घालते.

रंगपंचमीची गेर होऊन चार-पाच दिवस झाले असतील. त्याच तारेच्या टोकाला, जास्वंदीजवळच्या ग्रिलपाशी मला एक काडी लोंबताना दिसली. दुसऱ्या दिवशी तीन काड्या. शिंजिरीण पडवीच्या छतातल्या कोपऱ्यातून जाळं ओढून नेत होती. होळीला त्या कोपऱ्यापर्यंत माझा झाडू पोचला नव्हता, कारण शिडी ह्यांच्या कारखान्यात गेली होती. मी लड्या घरात आणल्या, न्हाणीघराच्या दारावर लटकवल्या आणि मागचं दार वापरायचं बंद केलं. गुढीपाडवा झाला, पिशवी पूर्ण झाली. महावीर जयंतीच्या सुमारास दारातून नुसती बाकदार चोच बाहेर दिसायला लागली. म्हणजे ती अंड्यांवर बसली होती.

आणि महावीर जयंतीनंतर रंगारी यायचे ठरले होते. सगळं घर आणि मुख्य म्हणजे मागची पडवी, कारण हळद तिथे करायची होती. ठेकेदार भला माणूस. घरटं बघून म्हणाला, "आंटीजी, दो मिनट का काम है. उतारकर पेड़ पे टाँग देंगे." मी नाही म्हटलं. घरट्याची जागा हलवली की आईबाप बहुतेक वेळा परत येत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी-घरटी मोडणं, त्यांना त्रास देणं हे 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच घातलं आहे. पण ठेकेदाराला कायदा सांगायची माझी हिंमत नव्हती. मी हिशेब सांगितला. अंडी पंधरा दिवस, पिल्लं आणखी पंधरा दिवस. म्हणजे मे उजाडणार. लग्न एप्रिलच्या ३० तारखेला.

घरात बैठक बसली. हे म्हणाले, "पाहुणे काय म्हणतील? पुढून महाल आणि मागून गोदाम." मुलाने सुचवलं की पडदा लावू. नवरी मुलगी मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाली, "हळद गच्चीवर करा ना, फोटो छान येतील." प्रश्न मिटला. खरं तर मिटला नव्हता, कारण वन्सं यायच्या होत्या. कोल्हापूरच्या आमच्या वन्सं म्हणजे स्वच्छतेचं चालतंबोलतं पीठ. त्यांच्या घरी फरशीत तोंड दिसतं. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी कपाटामागून बोट फिरवून बघितलं होतं, ते मी विसरलेली नाही.

वन्सं आल्या, मागच्या दाराला कडी बघितली, खिडकीतून जुना पोपडे आलेला रंग बघितला, कोपऱ्यातली जळमटं बघितली. म्हणाल्या, "वहिनी, लेकीचं लग्न आहे ना?" मी त्यांना खिडकीशी उभं केलं. तेवढ्यात मादी आली, चोचीत काहीतरी बारीक हिरवं. पिशवीच्या दारात दोन केशरी तोंडं उघडली. वन्सं पाच मिनिटं बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अळी खाऊ घातली हो तिने."

त्यांच्या या एका वाक्यात आपल्या घरातला जुना पेच आहे. मोठा शिंजीर मध पितो, पण पिल्लांना वाढवायला किडे लागतात, कोळीसुद्धा लागतात. ज्याचं जाळं घेतलं त्यालाच खायचं. आणि मी दोडक्यावरची अळी जपणार, तिला खाणारं पाखरूही जपणार. सोयरीक ठरवायला दिल्लीला गेलो होतो तेव्हा लाल किल्ल्यासमोरच्या लाल मंदिरात दर्शन घेतलं. त्या आवारात आपल्या समाजाचं पक्ष्यांचं रुग्णालय आहे. तिथे शाकाहारी पक्ष्यांना दाखल करून घेतात. घार, ससाणा असे शिकारी पक्षी आले तर उपचार करतात, पण ठेवून घेत नाहीत. तेव्हा मला ते थोडं कडक वाटलं. आता वाटतं, त्यांनी निदान आपली मर्यादा कुठे आहे ते ठरवलं. मला अजून ठरवता आलेलं नाही. मी एवढंच करू शकते की माझ्या हाताने मोडू नये. पुढचं माझ्या हातात नाही.

हे 'हातात नाही' म्हणजे काय, ते लगेच कळलं.

लग्नाच्या चार दिवस आधी सकाळी वन्सं हसत स्वयंपाकघरात आल्या. "वहिनी, शकुन झाला! भारद्वाज दिसला, तुमच्या मागच्या भिंतीवर." आपल्याकडे भारद्वाजाचं दर्शन शुभ. विटकरी पंख, काळं अंग, लाल डोळा, राजासारखी चाल. आणि भारद्वाज काय खातो ते मला माहीत होतं. किडे, सरडे, अंडी, पिल्लं. मी हातातलं पीठ तसंच ठेवून खिडकीशी गेले. पिशवी एका बाजूने फाटली होती, आतला कापूस खाली लोंबत होता. मादी ग्रिलवर बसून एकसारखी ओरडत होती. चोचीत अळी तशीच.

मी काही बोलले नाही. लग्नघर, त्यातून शकुन माझ्या लेकीसाठी. पण वन्सं माझ्या मागोमाग आल्या होत्या. त्यांनी बघितलं. दिवसभर त्याही गप्प होत्या. संध्याकाळी शेवया निवडताना म्हणाल्या, "शकुनाचंच पोट भरलं म्हणायचं." आणि डोळ्याला पदर लावला.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी ठेकेदाराला फोन केला. आता अडचण नव्हती, दोन दिवसांत पडवी होऊन गेली असती. रंगारी शिडी घेऊन आले. वन्सं पुढे होऊन म्हणाल्या, "राहू दे. आता दोन दिवसांसाठी कशाला?" कोल्हापूरच्या वन्सं! मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांनी स्वतःच मला समजावलं. "मुनिमहाराजांच्या हातात पिंछी असते ना, तीही झाडायलाच. पण ती मोराने आपणहून टाकलेल्या पिसांची, आणि झाडायची ती जागा लख्ख करायला नाही. बसताना एखादा जीव चिरडू नये, तो बाजूला व्हावा म्हणून. आयुष्यभर दर्शन घेतलं बघ, आणि आपली केरसुणी मात्र दुसऱ्याच कामाला."

लग्न छान झालं. हळद गच्चीवर झाली, फोटो खरोखर छान आले. शाल शेवटच्या रात्री पूर्ण झाली. ती उघडून लेकीने पहिल्यांदा पिवळा पट्टा ओळखला, मग मरून. राखाडीवर बोट ठेवून म्हणाली, "हा मी घातलाच नव्हता ना?" मी म्हटलं, "आता घाल." बॅगेत सगळ्यात वर ठेवली तिने.

पाहुणे गेल्यावर घर इतकं स्वच्छ आणि इतकं रिकामं झालं की करायला काही उरलं नाही. मे महिना, मोगऱ्याला पाणी घालायचं आणि आत यायचं. अशा एका दुपारी पडवीतून ओळखीची 'चिविट' ऐकू आली. शिंजिरीण त्या न रंगवलेल्या कोपऱ्यात पंख फडफडवत लटकली होती आणि जाळं ओढत होती. तोंडात मावेल तेवढं घेतलं आणि शहतूताकडे गेली. दोन मिनिटांनी परत. ती तीच होती की दुसरी, कुणास ठाऊक. माझ्या मनाने ती तीच धरली.

या वेळचं घरटं पानांच्या आत होतं, मला नीट दिसतही नव्हतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात शहतूतावर आखूड शेपटीची दोन पिल्लं फांदीला चिकटून बसलेली दिसली, एवढंच सांगते.

पडवीला रंग दिवाळीत लावला. तीन भिंती आणि छत. चौथ्या भिंतीचा वरचा कोपरा, हातभर, तसाच सोडायला सांगितला. ठेकेदाराने कपाळाला हात लावला. कुणी विचारलं तर हे सांगतात, "तो आमच्या घरातला आरक्षित प्लॉट आहे." वन्संनी कोल्हापूरहून फोनवर कळवलं की त्यांनीही माळ्याच्या खिडकीबाहेरचा एक कोपरा सोडला आहे, पण आत नाही हं, आत अजिबात नाही.

आता पुन्हा थंडी येते आहे. पिशवी काढली आहे, या वेळी जावयाचा स्वेटर. टाके सैलच घालते आहे.